फक्त कोरडं लाकूड

सेलब्रिज
२ नोव्हेंबर २०२०

चि. शर्वाणीस,

फोनवर तू "नंतर बोलते" म्हणतेस आणि नंतर बोलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्राला वॉर्डातून बोलावणं येत नाही.

आधी कामाचं. स्टोव्हच्या कंपनीतून तुला फोन येईल. वॉरंटी तुझ्या नावावर आहे, त्यामुळे ते सिद्धांतशी बोलायला तयार नाहीत. त्याने परोपरीने सांगितलं की मी नवरा आहे, घर दोघांचं आहे. तिकडची बाई म्हणाली, डेटा प्रोटेक्शन, नवऱ्याशीसुद्धा बोलता येणार नाही. मला तिचं म्हणणं पटलं, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. ती तुला एकच गोष्ट विचारणार आहे : स्टोव्हमध्ये कोरड्या लाकडाशिवाय दुसरं काही जाळलं होतं का. तू 'नाही' म्हणायचं. एवढंच.

तूप मी ओतलं हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, सिद्धांतला ठाऊक आहे. कंपनीला ठाऊक असण्याचं कारण नाही. हवा कमी-जास्त करायचा दांडा स्टोव्ह बसवला त्या दिवसापासून अडकत होता. ती तक्रार तूच नोंदवली होतीस, तुपाच्या कितीतरी आधी. दांडा फिरला असता तर हवा बंद करता आली असती आणि काच तडकली नसती. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. हे मी स्वतःची बाजू घेऊन म्हणत नाही. चूक कंपनीची आहे आणि भरपाई कंपनीने करावी, एवढंच म्हणते.

स्टोव्हसाठी बैठकीतला रेडिएटर तुम्ही काढून टाकलात. आता तिथे ना रेडिएटर ना स्टोव्ह. रेवा कोट घालून गृहपाठ करते. तिचा युनिफॉर्म मी रात्री हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवते, म्हणजे सकाळी घालताना कुरकुर होत नाही. कुरकुर ती तशीही करत नाही. थंडी वाजते का विचारलं तर "आय'म ग्रँड, आजी" म्हणते आणि नाक पुसते.

शेजारच्या ब्रीडाने तुझी गाडी दिसत नाही म्हणून विचारलं. मी सांगितलं, शर्वाणीची ड्यूटी कोविड वॉर्डात आहे, घरात म्हातारी सासू आहे, म्हणून ती सँट्रीला मैत्रिणीकडे राहते. ब्रीडा म्हणाली, "फेअर प्ले टू हर," म्हणजे शाबास तिची. कारण खोटं नाही. पुरतं खरंही नाही, पण ब्रीडाला तेवढं पुरे.

फोन आला की उचल.

आई


९ नोव्हेंबर

चि. शर्वाणीस,

तुझा मेसेज मिळाला. "आई, मी खोटं सांगणार नाही. रेवाला रात्रीचा इन्हेलर देताय ना?" दोन वाक्यांत उत्तर आलं.

इन्हेलर देते.

पहिल्या वाक्याबद्दल. सिद्धांत म्हणतो, एक शब्द बोलायला तिचं काय जातं. मीही त्याला हेच म्हटलं. कंपनी आपल्याला ओळखत नाही, आपण तिला ओळखत नाही. ज्या कंपनीने बिघडलेला स्टोव्ह विकला तिच्याशी हरिश्चंद्र होऊन बोलायची गरज मला दिसत नाही.

तू स्टोव्हमुळे गेली नाहीस, हे मी जाणून आहे. कंपनीचा तो डेक्लन आला होता त्या दिवसाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. तो गुडघ्यांवर बसला होता, मास्क नाकाखाली. आतली वरची पट्टी काढून त्याने बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाला, "समबडी हॅव अ फ्राय-अप इन हिअर?" म्हणजे इथे कुणी तळण काढलं का. सिद्धांत हसला. खरं म्हणजे हसायचं काही नव्हतं. मग त्याने सांगून टाकलं की स्टोव्हचं सगळं बायको बघते, काय घालते ते तिलाच विचारा. तू तिथेच उभी होतीस. तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस, माझ्याकडे पाहिलंस.

मी रेवाचे मोजे जोडीने लावत होते.

सिद्धांत वाईट नाही. अडचणीची वस्तू जवळ आली की तो ती शेजारच्यापुढे सरकवतो. लहानपणी ताटातलं कारलं असंच सरकवायचा, आणि त्याच्या शेजारी मी बसलेली असायची. मी ते खायचे. इथे शेजारी तू होतीस.

संध्याकाळी तू मला म्हणालीस, "आई, प्रयोगात जे दिसलं तेच वहीत लिहा, असं तुम्ही मुलांना शिकवत होतात ना?" हे मला लागलं. लागावं म्हणूनच बोलली होतीस. मी म्हटलं, ती प्रयोगशाळा होती, हा संसार आहे. तू म्हणालीस, "मग संसारात माझ्या नावावर का लिहिलंत?" आणि वर जाऊन बॅग भरलीस.

पण स्टोव्ह दुरुस्त व्हायला हवा. कंपनीची बाई फोन करकरून थकली आहे. तिचं नाव ओर्ला. आवाजावरून बरी वाटते.

आई


१६ नोव्हेंबर

चि. शर्वाणीस,

विजेवर चालणारा हीटर आणला. तो स्वतःपुरतं गरम करतो. समोर बसलं की पाय भाजतात आणि पाठ गारठते.

या वर्षी आपल्याकडे दिवाळी नव्हती. रेवाला मी समजावलं की आजोबा गेले म्हणून यंदा करायची नाही. तिने विचारलं, एक दिवा लावला तर आजोबांना काही होईल का. मी म्हटलं, काही होणार नाही. मग तिने लावला.

तू फाटकाशी आलीस तेव्हा मी घरात होते. तू बाहेर, रेवा खिडकीत, दोघी काचेतून हातवारे करत होतात. सिद्धांत जिन्यात उभा राहून फोन बघत होता. मी पातेलं घासत होते. पातेलं स्वच्छ होतं.

तू ठेवून गेलेल्या अनारशांपैकी मी एक खाल्ला. पीठ नीट भिजलं नव्हतं. तुझ्या त्या मैत्रिणीने, स्वरांगीने केले असणार, तुझे असे होत नाहीत.

आई


२५ नोव्हेंबर

चि. शर्वाणीस,

रेवा शाळेत आहे. सिद्धांतचं सँडीफोर्डचं ऑफिस सध्या वरच्या खोलीत भरतं, तिथे त्याची मीटिंग चालू आहे. मी कोट घालून स्वयंपाकघरात बसले आहे.

त्या दुपारबद्दल आपण बोललो नाही. मला बोलायचं नव्हतं आणि तू विचारलं नाहीस.

फेब्रुवारीत मी इथे आले ती उन्हाळ्यापुरती. हे स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकून एप्रिलमध्ये येणार होते. मग विमानं बंद झाली आणि मी इथे राहिले, ते तिथे. सप्टेंबरात नागपुरात घरोघरी आजार शिरला. यांना उपेंद्रभाऊजी दवाखान्यात घेऊन गेले आणि रोज ऑक्सिजनचे आकडे पाठवू लागले. सिद्धांत ते वाचून सांगायचा, "आई, बाबा स्टेबल आहेत." मला 'स्टेबल' पुरत होतं. मी तेवढं ऐकून कणीक भिजवायला जायचे.

तू ड्यूटीवरून आलीस. जिन्याखाली कपडे बदललेस, कोपरापर्यंत हात धुतलेस, सिद्धांतच्या फोनवर ते आकडे पाहिलेस. मग दारात उभी राहून म्हणालीस, "आई, बाबा यातून उठणार नाहीत. आज बोलून घ्या. उद्यावर टाकू नका."

सिद्धांत तुझ्यावर ओरडला. मी ओरडले नाही. मी म्हटलं, "तू डॉक्टर आहेस, विधाता नाहीस." तू नागपूरला फोन लावलास, तिथल्या कुणा सिस्टरची मनधरणी केलीस, आणि यांचा चेहरा दिसू लागल्यावर फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेलीस. दार ओढून घेतलंस.

मी काय बोलले हे कुणालाच माहीत नाही. मी यांना स्टोव्हबद्दल सांगितलं. मुलांनी नवा स्टोव्ह बसवलाय, लोखंडी, काचेच्या दाराचा. धुरकटतो. दांडा अडकतो. लाकूडवाला कोरडं म्हणून ओलंच देऊन गेलाय असा मला संशय आहे. कंपनीला कळवलंय, पण माणूस येत नाही. एवढंच बोलले. दुसरं काही सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ती सिस्टर फोन धरून उभी होती. यांच्या तोंडावर मास्क होता. डोळे उघडे होते, माझ्याकडे होते. शेवटी त्यांनी पांघरुणावरचा हात थोडा उचलून हलवला. दुकानदाराशी माझी हुज्जत लांबली की मागून असाच हात हलवायचे, चल म्हणून.

सकाळी भाऊजींचा फोन आला.

तुझ्या त्या वाक्याबद्दल माझ्या मनात राग राहिला. तू बोललीस आणि तसं घडलं, म्हणून जणू तूच घडवलंस. शिकलेल्या बाईने असं धरून बसू नये, हे मला कळतं. कळून राग गेला नाही. तू घरात होतीस तोवर मी तुझ्याशी मीठ, दूध आणि रेवा एवढंच बोलले. तुझ्याही ते लक्षात आलं असेल. तू तेवढ्यालाच उत्तरं देत गेलीस.

तुपाचंही लिहून टाकते. निधनशांत भाऊजींनी नागपुरात केली. गुरुजी मला फोनवर म्हणाले, वहिनींनी तिथून नुसता नमस्कार केला तरी पोचतो. आमच्या लग्नानंतर मी होमापुढे बसलेली नाही, सत्यनारायणालाही नाही. यांनाही त्याचं काही नव्हतं. पण मला नुसता नमस्कार करायचा नव्हता. यांना अग्नी दिलेला मी तळहाताएवढ्या काचेवर पाहिला. तेही मधेच चित्र अडकायचं, आणि सुरू व्हायचं तेव्हा ज्वाळा पुढे गेलेल्या असायच्या. मला जवळून धग लागायला हवी होती. तुमच्या घरात उघडा विस्तव पेटवला तर अलार्म वाजतो. मग स्टोव्ह होता.

गुरुजी स्वाहा म्हणत होते आणि मी पळीने घालत होते. इथल्या लोण्याचं मीच कढवलेलं तूप, थोडे तीळ. तिथवर ठीक होतं. मग गुरुजींचा आवाज तुटला, चित्र थांबलं. ते पुन्हा येतील म्हणून मी थोडा वेळ पळी धरून बसले. आले नाहीत. मी बरणी उपडी केली.

तूप किती भडकेल हे मला सांगता आलं असतं. कुणी विचारलं असतं तर आकड्यात सांगितलं असतं.

तू रेवाला उचलून अंगणात नेलंस, येऊन खिडक्या उघडल्यास, माझ्या मनगटावर ओला फडका ठेवलास. मला एका शब्दाने बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

एवढं लिहिलं, पण मुद्दा बदललेला नाही. कंपनी म्हणते की शुक्रवारनंतर तक्रार बंद करणार. रेवाला रात्री खोकला येतो आहे. ब्रीडा तिला शाळेनंतर आपल्या घरी शेकोटीपाशी बसवते, आणि मला ते आवडत नाही, कारण ब्रीडा काही विचारत नाही. तू 'नाही' म्हणालीस तर खोली गरम होईल. मी पुन्हा विचारणार नाही.

आई


२८ नोव्हेंबर

चि. शर्वाणीस,

कंपनीच्या फोनची वाट पाहू नकोस. काल बोलणं झालं. वॉरंटी गेली.

कसं झालं ते सांगते. तू फोन उचलत नाहीस म्हणून सिद्धांतने वेगळीच युक्ती काढली. मला म्हणाला, "आई, तूच बोल शर्वाणी म्हणून. बाईचा आवाज, आपले उच्चार, त्यांना काय कळतंय? जन्मतारीख विचारतील, ती मी सांगतो." मी हो म्हटलं. पाठ करून घेतलं. तुझी जन्मतारीख मला माहीत होती, पण साल चुकीचं माहीत होतं. मी तुला एवढी वर्षं एका वर्षाने मोठी समजत होते.

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. ओर्लाने विचारलं, मी शर्वाणीशी बोलते आहे का. मी म्हटलं, हो. जन्मतारीख, पत्ता, सगळं बरोबर आलं. सिद्धांतने अंगठा दाखवला. मग ती म्हणाली, "नाऊ, शर्वाणी, मला एवढंच सांग. कोरड्या लाकडाशिवाय काही जाळलंत का?"

माझ्या नावाने विचारलं असतं तर मी 'नाही' म्हणून मोकळी झाले असते. तोंडात तयार होतं. पण तिने तुझं नाव घेतलं होतं. 'स्टेबल आहेत' असं तू मला सांगितलं असतंस तर मी त्या दुपारी कणीक भिजवली असती, आणि यांनी हात हलवलेला मला दिसला नसता. ते तुझ्या तोंडून खरं निघालं म्हणून मिळालं. आणि त्याच तोंडाने मी खोटं बोलणार होते, तुला न विचारता.

मी म्हटलं, "येस. बटर. अ फुल जार."

सिद्धांत खुर्चीवरून उठला आणि फोनकडे झेपावला. मी फोनवर हात आडवा धरला.

ओर्लाने, अगदी सौम्यपणे, असं का केलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या सासूबाईंनी ओतलं. त्यांचे मिस्टर भारतात वारले, त्यांना जाता आलं नाही. आमच्यात अग्नीला तूप देतात. ती म्हणाली, हे मला लिहावं लागेल. मी म्हटलं, लिही. दांडा पहिल्यापासून अडकत होता तेही लिही. ती म्हणाली, दोन्ही लिहिते, पण आता ते काही देणार नाहीत. मी म्हटलं, समजलं.

फोन ठेवल्यावर सिद्धांत म्हणाला, "आई, काय केलंस हे?"

मी म्हटलं, "तूच मला शर्वाणी व्हायला सांगितलंस."

तो वर निघून गेला. रात्री जेवताना मी त्याला सांगितलं की डेक्लनला काय सांगितलंस ते मागे घ्यायचं आहे, आणि ते माझ्याकडे नाही, सँट्रीला जाऊन. लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आहे म्हणाला. मी म्हटलं, गार्डांनी, इथल्या पोलिसांनी, अडवलं तर खरं कारण सांग, बायकोची माफी मागायला चाललोय म्हण. सोडतात का बघ. त्याने भात पुढे ओढला. जाईल की नाही, मला सांगता येत नाही. तू परत ये असं मी लिहीत नाही. ते लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असं मला वाटत नाही.

रेडिएटर पुन्हा बसवायला प्लंबर येणार आहे. तोवर रेवाचं अंथरूण माझ्या खोलीत हलवलं आहे, तिथे ऊब आहे. खोकला कमी आहे. माझी विमानाची चौकशी चालू आहे. नागपूरचं घर भाऊजींनी बंद ठेवलं आहे, ते मलाच उघडायचं आहे.

एक राहिलं. फोन ठेवण्याआधी ओर्ला म्हणाली, "म्हणजे तुझे सासरे गेले, शर्वाणी. आय'म व्हेरी सॉरी." इथे अजून तुला कुणी असं म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं ते सिद्धांतला म्हणाले, मला म्हणाले. मी तुझ्या वतीने थँक यू म्हटलं. मग तिने विचारलं, तुझी त्यांच्याशी जवळीक होती का.

मला उत्तर माहीत नव्हतं. हे तुला रविवारी शब्दकोडं पाठवायचे आणि तू अर्धं सोडवून परत पाठवायचीस, एवढं मला माहीत आहे. ते गेल्यावर तू कुठे बसलीस, रडलीस का, तुला कुणी चहा दिला का, यातलं काही मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तू ड्यूटीवर गेलीस, एवढं आठवतं.

मी 'हो' म्हटलं. चूक असेल तर कळव.

आई